नव्या गाडीचा डीलरने दिलेला भाव रास्त आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं महाराष्ट्रात, वैयक्तिक नावावर नवी कार घेणाऱ्यांसाठी आहेत. कराचे दर २०२५ मधल्या बदलांनंतरचे आहेत. राज्याच्या किंवा केंद्राच्या अर्थसंकल्पात ते हलतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी आरटीओचे चालू दर एकदा पडताळून घ्या.

सेल्समन म्हणतो, ‘ऑन-रोड ११ लाख ३५ हजार, सगळं धरून.’ हा भाव चांगला की वाईट?

या एका आकड्यावरून काहीच कळत नाही. ऑन-रोड किमतीत तीन प्रकारचे पैसे एकत्र झालेले असतात. एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते. कर आणि फी सरकार ठरवतं. उरलेलं सगळं, म्हणजे विमा, हँडलिंग, किट, कोटिंग, वाढीव वॉरंटी, डीलरच्या हातात असतं. भाव महाग की स्वस्त हे या तिसऱ्या गटात ठरतं, आणि सेल्समनला नेमका तोच गट एका आकड्यात झाकायचा असतो.

१२०० सीसीच्या, चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाडीचं नमुन्यादाखल कोटेशन पाहा:

एक्स-शोरूम: ९,५०,०००
आरटीओ: १,१२,०००
विमा: ५२,५००
हँडलिंग आणि लॉजिस्टिक: ८,५००
‘एसेन्शियल’ किट: १४,९००
वाढीव वॉरंटी: ११,८००
फास्टॅग: १,०००
वजा सूट: १५,०००
एकूण: ११,३५,७००

आता एकेक ओळ सोलू. पेट्रोलला १० लाखांपर्यंत ११ टक्के कर, म्हणजे १,०४,५००. त्यावर रस्ता सुरक्षा उपकर, नोंदणी फी ६००, स्मार्ट कार्ड २०० आणि कर्ज असेल तर बोजा चढवण्याचे १,५००. हे सगळं १ लाख ९ हजारांच्या आतच थांबतं, मग वरचे तीन हजार कसले? तसाच विमा बाहेर साधारण ३६,५०० ला मिळतो (हिशोब पुढे दिला आहे), म्हणजे तिथे १६,००० जास्त. हँडलिंगचे ८,५०० द्यायचं कारणच नाही. किटमधल्या मॅट आणि मडफ्लॅप कामाच्या, त्यांचे चार हजार धरा. उरलेले १०,९०० शोभेचे. बेरीज ३८ हजारांच्या पुढे जाते. १५ हजारांची सूट दाखवून ३८ हजार वसूल केलेल्या कोटेशनला स्वस्त म्हणता येत नाही.

एक्स-शोरूम किंमत तरी बरोबर सांगितली आहे ना, हे कसं तपासायचं?

कंपनीच्या संकेतस्थळावर तुमचं शहर आणि नेमकं व्हेरिएंट निवडून पाहा. घोळ व्हेरिएंटच्या नावात होतो. एकाच नावापुढे एखादं अक्षर वाढलं की सनरूफ किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स येतो आणि किंमत लाखभर बदलते. दुरंगी किंवा खास रंगाला वेगळे पैसे असतील तर ते वेगळे लिहून घ्या.

एक्स-शोरूममध्ये जीएसटी आलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल व सीएनजी आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना १८ टक्के, त्याहून मोठ्यांना ४० टक्के आणि इलेक्ट्रिकला ५ टक्के जीएसटी आहे. वेगळा सेस आता नाही. कोटेशनवर ‘सेस’ नावाची ओळ वर जोडलेली दिसली तर विचारा, ती कसली.

बुकिंग फॉर्मवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की किंमत डिलिव्हरीच्या दिवशीची लागेल. जानेवारीत बऱ्याच कंपन्या भाव वाढवतात. डिसेंबरात बुक करून जानेवारीत गाडी मिळणार असेल तर वाढ कोणी सोसायची, हे आधी कागदावर ठरवा.

आरटीओचा कर नेमका किती?

वैयक्तिक नावावरच्या गाडीला एकरकमी कर असा:

पेट्रोल: १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाख १२ टक्के, त्यावर १३ टक्के.
डिझेल: याच टप्प्यांना १३, १४ आणि १५ टक्के.
सीएनजी, एलपीजी: १ जुलै २०२५ पासून ८, ९ आणि १० टक्के.
इलेक्ट्रिक: राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार माफ.

कराची कमाल मर्यादाही त्याच वेळी २० लाखांवरून ३० लाखांवर गेली. कंपनीच्या नावावर पेट्रोल किंवा डिझेल गाडी घेतली तर सरसकट २० टक्के. धंद्यात खर्च दाखवता येईल म्हणून कंपनीच्या नावावर घेणाऱ्यांनी हा फरक आधी मांडावा.

१० लाखांच्या उंबरठ्यावर जपून. टक्केवारी पूर्ण किमतीवर लागते. ९,९५,००० च्या पेट्रोल गाडीला कर १,०९,४५०. १०,०५,००० च्या गाडीला १,२०,६००, वर १०,०५० रुपये टीसीएस (विक्रेत्याने गोळा करायचा आयकर). किंमत दहा हजारांनी वाढली आणि त्या दिवशी खिशातून गेले तीस हजारांहून जास्त. टीसीएस परत मिळतो, कर नाही. व्हेरिएंट निवडताना हे डोक्यात ठेवा.

आरटीओच्या ओळीचा वाद मिटवायचा सरळ उपाय म्हणजे सरकारी पावती. डीलर पैसे ऑनलाइन भरतो, त्याची पावती निघते. ‘पावतीत येईल तेवढेच देईन, फरक परत करा’ असं कोटेशनवरच लिहून घ्या. चॉइस नंबरची फी यात नसते, ती वेगळी.

सीएनजीसाठी ९५ हजार जास्त मागतात. परवडतं का?

महाराष्ट्रात हा हिशोब बहुतेक जण अर्धाच करतात, कारण करातला फरक विसरतात. समजा तीच गाडी पेट्रोलमध्ये ८,०५,००० आणि सीएनजीत ९,००,००० ला आहे. पेट्रोलचा ११ टक्के कर ८८,५५० होतो, सीएनजीचा ८ टक्के ७२,०००. म्हणजे कर १६,५५० रुपयांनी कमी आणि खरा फरक ७८,४५०.

इंधनात किलोमीटरमागे अडीच रुपये वाचतात असं धरलं तर सुमारे ३१,४०० किलोमीटरला फरक फिटतो. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला अडीच वर्षांच्या आसपास. त्याच्या निम्मंच चालवणाऱ्याने डिकी घालवून सीएनजी घेऊ नये, असं आमचं मत. आपल्या गावातला पंप, तिथली रांग आणि तिथला दर घालून हाच हिशोब पुन्हा करा.

१ टक्का टीसीएस कशाचा? तो डीलर खातो का?

नाही. किंमत १० लाखांच्या वर गेली की विक्रेत्याने १ टक्का आयकर गोळा करून सरकारात भरायचा असतो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो, २६एएसमध्ये (तुमच्या नावे जमा झालेल्या कराच्या सरकारी विवरणात) दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता होतो. पगारदारांना कंपनीला कळवून पगारातल्या टीडीएसमध्येही धरून घेता येतो. म्हणून दोन गाड्यांची तुलना करताना टीसीएस बाजूला ठेवा. पॅन मात्र बरोबर द्या, नाहीतर दरही वाढतो आणि रक्कमही अडकते.

हँडलिंग, डेपो, लॉजिस्टिक, फाइल चार्ज. हे द्यावेच लागतात का?

नाही. कारखान्यातून शोरूमपर्यंत गाडी आणणं हा विक्रीचाच भाग आहे आणि एक्स-शोरूम किमतीत तो आलेला असतो. पासिंग करून देणंही डीलरचंच काम: मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज डीलरने करायचा असतो आणि नंबर लावल्याशिवाय गाडी ताब्यात द्यायची नसते. हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही १ एप्रिल २०१९ नंतर बनलेल्या गाडीसोबतच येते, तिचे वेगळे पैसे नाहीत.

व्यवहारात मात्र असं होतं. तुम्ही हरकत घेतली की ही ओळ पुसली जाते आणि तेवढीच रक्कम सवलतीतून कापली जाते किंवा विम्यात सरकते. म्हणून एका ओळीवर जिंकून खूश होऊ नका, शेवटची बेरीज पाहा. डीलर अडूनच बसला तर त्या रकमेची त्याच नावाने पावती मागा. पावती द्यायची म्हटली की बरेच जण माघार घेतात. पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) किंवा आरटीओकडे तक्रार करताना तीच पावती कामाला येते.

विमा शोरूममधूनच घ्यावा लागतो का? बाहेर खरंच स्वस्त पडतो?

सक्ती करता येत नाही. वैध पॉलिसी हवी, ती कोणत्याही कंपनीची चालते. आणि हो, बहुतेक वेळा बाहेर स्वस्त पडते. का, ते समजून घ्यायला पॉलिसी उघडून पाहू.

नव्या कारला ३ वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे (सप्टेंबर २०१८ पासून). त्याचा दर सगळीकडे एकच: १००० सीसीपर्यंत ६,५२१, १००० ते १५०० सीसी १०,६४०, त्यावर २४,५९६ रुपये. यात कोणी सूट देऊ शकत नाही.

दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला ओडी म्हणतात. तो १ वर्षाचा पुरतो. तीन वर्षांचा ओडी गळ्यात मारत असतील तर नको म्हणा. गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, नव्या गाडीला साधारण एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असते. आपल्या उदाहरणात ९,०२,५००. जुन्या टॅरिफमध्ये मुंबई-पुण्याला या सीसीच्या गाडीचा दर ३.२८३ टक्के होता आणि अनेक कंपन्या अजून तोच पाया धरून त्यावर सूट देतात. म्हणजे पाया २९,६२९ रुपये. २० टक्के सूट दिली तर २३,७०३. ५० टक्के दिली तर १४,८१५. खेळ इथे होतो, आणि शोरूमच्या कोटेशनवर ही टक्केवारी सहसा दाखवतच नाहीत.

१०,६४० अधिक १४,८१५, त्यात झिरो डेप (घसारा न कापता भरपाई), इंजिन प्रोटेक्ट अशा जोडसंरक्षणाचे साधारण ५,५००, वर १८ टक्के जीएसटी. बेरीज ३६,५२७.

तुलना करताना चार गोष्टी सारख्या ठेवा: आयडीव्ही, जोडसंरक्षणांची यादी, ऐच्छिक वजावट (दाव्यातली स्वतः सोसायची रक्कम) आणि मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा. आयडीव्ही लाखाने खाली आणून ‘आमचा विमा स्वस्त’ म्हणणारेही भेटतात. अपघात विमा तुमच्याकडे आधीच तेवढ्या रकमेचा असेल तर पुन्हा घ्यायची गरज नाही.

जुनी गाडी विकणार असाल तर तिचा नो क्लेम बोनस (एनसीबी, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट) नव्या गाडीच्या ओडीवर लावता येतो, कमाल ५० टक्के. त्यासाठी जुन्या विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्यायचं. ते ३ वर्षं चालतं. शोरूममध्ये हे आपण होऊन कोणी विचारत नाही, आणि गाडी एक्स्चेंजमध्ये देऊन मोकळे झालेले कित्येक जण हा बोनस सोडून देतात.

अडचण येते ती वेळेची. पॉलिसीला चॅसी आणि इंजिन नंबर लागतो आणि तो शोरूम शेवटच्या दिवशीपर्यंत देत नाही. तुमच्यासाठी गाडी अलॉट झाली की २४ तासांत नंबर द्या, असं बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या. ‘बाहेरच्या विम्याला कॅशलेस मिळणार नाही’ हे वाक्यही ऐकू येईल. त्या विमा कंपनीच्या गॅरेजांच्या यादीत तुमचं सर्व्हिस सेंटर आहे का, एवढंच पाहा. असेल तर प्रश्नच मिटला.

कधी कधी शोरूमचा विमा घेतला तरच २५ हजारांची सूट, अशी अट असते. मग रागावायचं नाही, वजाबाकी करायची. विमा १६ हजारांनी महाग आणि सूट २५ हजारांनी जास्त, तर घ्या शोरूमचा.

अ‍ॅक्सेसरी किट, टेफ्लॉन, अंडरकोटिंग, वाढीव वॉरंटी: यातलं काय घ्यावं?

किट पूर्ण नाकारा आणि हवं तेवढंच सुटं मागा. सीट कव्हर, मॅट, मडफ्लॅप पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोरूमपेक्षा खूप कमी पैशात मिळतात. वायरिंगला हात लागणारी वस्तू (कॅमेरा, दिवे, म्युझिक सिस्टिम) मात्र शोरूममधून किंवा कपलर लावून बसवणाऱ्याकडून घ्या. वायर कापून जोडली की इलेक्ट्रिकलची वॉरंटी नाकारायला निमित्त मिळतं.

टेफ्लॉन (रंगावरचा लेप) नको. अंडरकोटिंग (तळाला गंजरोधक लेप) कोकणात, समुद्राजवळ राहणाऱ्यांनी विचारात घ्यावं, पण कोटेशनमध्ये बांधलेलं नको.

वाढीव वॉरंटी टर्बो इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि मोठ्या स्क्रीनच्या गाड्यांना आम्ही घ्यायला सांगू. फक्त ती कंपनीची असावी. डीलरने कुठल्या तिसऱ्याच एजन्सीची दिली तर दावा मंजूर करून घेताना नाकीनऊ येतात. बऱ्याच कंपन्या ती नंतरही देतात, दर थोडा चढा असतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी ठरवायची घाई नाही.

सूट किती मागावी?

डीलरचं मार्जिन साधारण ३ ते ५ टक्के असतं. त्यातूनच त्याला पगार, भाडं आणि स्टॉकवरचं व्याज काढायचं असतं. त्यामुळे दहा लाखांच्या गाडीवर स्वतःच्या खिशातून तो लाखभर सोडू शकत नाही. मोठी सूट दिसते ती कंपनीच्या स्कीममधून येते: रोख सूट, एक्स्चेंज बोनस, कॉर्पोरेट, लॉयल्टी, जुनी गाडी स्क्रॅप केल्याची सूट. म्हणून दोन वेगळे प्रश्न विचारा. ‘या महिन्यात कंपनीच्या स्कीम कोणत्या आणि मी कशाकशात बसतो?’ आणि ‘त्यावर तुमच्याकडून किती?’ पहिल्याचं उत्तर दोन डीलरांनी वेगळं दिलं तर एक जण काहीतरी ठेवून घेतो आहे.

कोणत्या गाडीला किती वाव आहे हे स्टॉक सांगतो. डीलर गाडी कर्जावर उचलतो. १० लाखांवर वर्षाला ९ टक्के धरले तरी महिन्याला ७,५०० रुपये व्याज. अंगणात तीन महिने उभी असलेली गाडी त्याला रोज टोचते, आणि तीन महिन्यांचं वेटिंग असलेल्या गाडीवर तो एक रुपया सोडणार नाही. म्हणून रंगाचा हट्ट सोडून ‘आत्ता स्टॉकमध्ये कोणती जुनी पडून आहे?’ विचारणाऱ्याला चांगला भाव मिळतो.

सूट इनव्हॉइसमधून वजा झालेली हवी. ‘नंतर चेक देतो’ किंवा ‘२० हजारांच्या अ‍ॅक्सेसरी फुकट’ यांना सूट धरू नका. २० हजारांच्या त्या अ‍ॅक्सेसरींची बाजारातली किंमत निम्मीही नसते.

पाडव्याला किंवा दसऱ्याला घेतली तर स्वस्त पडते?

जाहिराती तेव्हा मोठ्या असतात, पण मुहूर्ताची गाडी मागणारेही तेव्हाच येतात, त्यामुळे डीलर स्वतःचं काही सोडत नाही. पितृपंधरवड्यात शोरूम ओस असतात. त्या दिवसांत भाव ठरवून, कागदावर घेऊन, बुकिंग करायचं आणि डिलिव्हरी घटस्थापनेनंतर किंवा दसऱ्याला घ्यायची, हा दोन्ही साधणारा मार्ग. दसऱ्याला गाडी दारात हवी तर नोंदणीचे पैसे आठवडाभर आधी भरा. त्या दोन-तीन दिवसांत पासिंगची गर्दी होते.

मार्चअखेर आणि डिसेंबर हे खरे सवलतीचे महिने. महिन्याचे शेवटचे चार-पाच दिवसही, कारण सेल्समनचं टार्गेट तेव्हा अडलेलं असतं.

गेल्या वर्षी बनलेली गाडी जानेवारी-फेब्रुवारीत मोठ्या सवलतीत देतात. घ्यावी का?

विकताना गाडीचं वय उत्पादनाच्या वर्षावरून धरतात आणि ते आरसीवर लिहिलेलं असतं. चार-पाच वर्षांत बदलणाऱ्याने, चालू वर्षाच्या गाडीवर मिळणारी सूट सोडून वर आणखी एक्स-शोरूमच्या ५ ते ७ टक्के मिळत नसतील, तर घेऊ नये. दहा-बारा वर्षं वापरणाऱ्याला हा तोटा फारसा जाणवत नाही. त्याने खुशाल घ्यावी, पण बॅटरी आणि टायर बघून. टायरवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: ३५२५ म्हणजे २०२५ चा ३५वा आठवडा.

उत्पादनाचा महिना तोंडी विचारू नका. फॉर्म २२ वर (गाडी मानकांप्रमाणे असल्याचं कंपनीचं प्रमाणपत्र) तो असतो. चॅसी नंबरातलं दहावं अक्षरही बहुतेक कंपन्यांत वर्ष दाखवतं: ‘आर’ २०२४, ‘एस’ २०२५, ‘टी’ २०२६.

आणि डेमो गाडी?

डीलरच्या नावावर नोंदली असेल तर तुम्ही दुसरे मालक. सेकंड हँडच्या भावानेच बोला.

जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये द्यावी का?

आधी तिची किंमत बाहेर दोन ठिकाणी काढा, मगच शोरूममध्ये जुन्या गाडीचा विषय काढा. नेहमीची युक्ती अशी: नव्या गाडीवर ४० हजार एक्स्चेंज बोनस दाखवायचा आणि तीन लाखांची जुनी गाडी अडीच लाखांना धरायची. बोनस मिळूनही दहा हजारांचा तोटा. जुन्याचा भाव आणि नव्याचा भाव दोन वेगळ्या कागदांवर मागा. काही स्कीममध्ये जुनी गाडी बाहेर विकूनही, आरसी हस्तांतराचा पुरावा दिला की बोनस मिळतो; विचारून बघा.

जुनी गाडी दिल्यावर आरसी खरेदीदाराच्या नावावर झाल्याचा पुरावा येईपर्यंत विषय संपला असं समजू नका. तोवर चलन आणि अपघाताची जबाबदारी तुमच्याच दारात येते.

शोरूममधलं कर्ज घ्यावं का?

बँकेतून आधी मंजुरीचं पत्र घेऊन जा, म्हणजे शोरूमच्या दराला तोलायला काहीतरी हातात असतं. ८ लाख, ५ वर्षं: ९ टक्क्यांनी हप्ता १६,६०७, साडेनऊने १६,८०२. अर्ध्या टक्क्याचे पाच वर्षांत सुमारे ११,७०० रुपये. शोरूमने कर्जाच्या बदल्यात २० हजारांची सूट दिली तर ती स्वीकारण्यासारखी आहे, ५ हजारांची दिली तर नाही.

‘फक्त ६ टक्के’ ऐकलं की फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर) की घटत्या शिल्लकीवर, हे विचारा. ६ टक्के फ्लॅटने ८ लाखांवर २,४०,००० व्याज, हप्ता १७,३३३. घटत्या शिल्लकीवर हाच दर जवळपास १०.८५ टक्के पडतो. प्रोसेसिंग फी आणि गळ्यात मारलेला कर्जविमा धरून खरा वार्षिक दर किती, हे बँकेने द्यायच्या मुख्य तथ्य पत्रकात लिहिलेलं असतं. सहीआधी ते मागा. मुदतीआधी फेडण्याचा दंडही तिथेच पाहा.

दुसऱ्या शहरातल्या डीलरकडे किंवा गोव्यातून स्वस्त पडेल का?

राज्यात कर एकच असल्याने पुण्याच्या माणसाने साताऱ्याहून किंवा नाशिकहून भाव मागवायला काहीच हरकत नाही. पासिंग तुमच्या पत्त्याच्या आरटीओत होईल ना, एवढं विचारा. शहरातली चार शोरूम कधी कधी एकाच मालकाची असतात. इनव्हॉइसवर येणारं कंपनीचं नाव पाहा. एकाच मालकाची दोन कोटेशन म्हणजे तुलना नव्हे.

गोव्याच्या नंबरची हाव धरू नका. पत्त्याचा पुरावा लागतो, आणि गाडी १२ महिन्यांहून जास्त महाराष्ट्रात ठेवली की इथे नोंदणी करून कर भरावाच लागतो.

बदलीची नोकरी असणाऱ्यांनी बीएच मालिकेचा (राज्य बदललं तरी तोच चालणारा नंबर) विचार करावा: सरकारी कर्मचाऱ्यांना, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांतल्या लोकांना ती मिळते. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो.

डीलरांना नेमकं काय लिहून पाठवायचं?

फोनवर बोलत बसू नका. हाच मजकूर तीन डीलरांना व्हॉट्सअ‍ॅपवर टाका:

‘नमस्कार. (मॉडेल, व्हेरिएंट, इंधन, गिअरबॉक्स, रंग) हवी आहे. वैयक्तिक नाव, पासिंग (शहर). लेटरहेडवर कोटेशन द्या. एक्स-शोरूम, आरटीओ, टीसीएस, विमा (आयडीव्ही आणि जोडसंरक्षणांसह), इतर आकार, प्रत्येक सूट वेगळ्या ओळीत. किट आणि कोटिंग नको. उत्पादनाचा महिना-वर्ष आणि डिलिव्हरीची तारीख लिहा. या आठवड्यात बुकिंग करणार आहे.’

शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा. उत्तर न देणारा डीलर पुढे सर्व्हिसलाही तसाच वागेल. तिन्ही कोटेशनमधून टीसीएस आणि आरटीओचे पैसे वजा करा, विमा सारखा करा, आणि उरलेला आकडा शेजारी शेजारी मांडा.

बुकिंग किती रुपयांचं करावं?

कमीत कमी. पैसे डीलर कंपनीच्या बँक खात्यातच, सेल्समनच्या यूपीआयवर कधीही नाही. रद्द केल्यास किती दिवसांत किती परत, हे पावतीवर हवं. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने डीलरला मनाई आहे; ‘रोख द्या, वेगळा भाव देतो’ म्हणणाऱ्यापासून लांबच राहा.

उरलेले पूर्ण पैसे कधी भरायचे?

गाडी डोळ्यांनी पाहिल्यावर, पासिंगच्या आधी. एकदा तुमच्या नावावर नोंदली की बदलून मिळणं जवळजवळ अशक्य. दिवसाउजेडी, धुतलेली पण पॉलिश न केलेली गाडी पाहायला मागा. चॅसी नंबर विम्यासाठी दिलेल्या नंबराशी जुळवा, किलोमीटर पाहा, काचांवरचे आकडे आणि चारही टायरांचे आठवडे एकमेकांशी मिळतात का बघा. दरवाजांच्या कडा आणि बॉनेटचे बोल्ट यांवर रंग खरवडलेला असेल तर वाहतुकीत ठोकून दुरुस्त केलेली असू शकते. एसी, सगळ्या काचा, कॅमेरा, स्पेअर चाक, जॅक, दोन्ही किल्ल्या.

ताबा घेताना टॅक्स इनव्हॉइस, फॉर्म २१ (विक्रीचं प्रमाणपत्र), फॉर्म २२, आरटीओच्या कराची पावती, विम्याची पॉलिसी, टीसीएस कापला असेल तर त्याचं प्रमाणपत्र आणि वॉरंटीची पुस्तिका घ्या. इनव्हॉइसवरची रक्कम, तुम्ही भरलेली रक्कम आणि कोटेशनची बेरीज तिथेच काउंटरवर जुळवा. आरटीओच्या पावतीप्रमाणे फरक निघाला तर तो किल्ली घेण्याआधी मागा. नंतर फोन उचलत नाहीत.